मागे येतो तो गडी

ओटीवरून



गेल्या महिन्यात एका ताईंचं पत्र आलं. त्या लिहितात, "आमचा मुलगा जेवणं झाली की संगणकापुढे बसतो आणि गाड्यांचा फुटबॉल खेळतो. कुणाशी खेळतो ते दिसत नाही, पण एकटाच ओरडत असतो. हाक मारली की म्हणतो, थांब, डाव चालू आहे. त्याचे वडील एकदा वायर उपटायला उठले होते. पैसे लावून खेळतो की काय, अशी धास्ती वाटते. यावर आपण काही लिहावं."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वर तुमच्या गावाचं नाव नसतं तर आमच्या सूनबाईनंच लिहिलं असं मी धरून चाललो असतो. कारण हाच गोंधळ आमच्या ओटीला लागून असलेल्या खोलीत वर्षभर चालला आहे. म्हणून आज शेतीची गोष्ट जरा बाजूला ठेवतो आणि या खेळाची सांगतो. शेती शेवटी येईलच. ती कुठं जाते?

मागे कोण आहे?

आमचं गाव पनवेल तालुक्यात, नेऱ्याच्या बाजूला. धाकटा मुलगा माझ्याजवळ असतो, शेत बघतो. थोरला तळोज्याला कारखान्यात आहे, बिऱ्हाड नवीन पनवेलला. धाकट्याला एक मुलगा, एक मुलगी. थोरल्याला एकच मुलगा. तो तिघांत मोठा, म्हणून ही दोघं त्याला दादूस म्हणतात.

आता खरं सांगायचं तर दोघा भावांचं दोन वर्षं बोलणं नाही. कारण तुम्हाला सांगायला नको. सिडको आली, महामार्ग आले, विमानतळ आला. आमच्या तालुक्यात जमिनीचा भाव जसा चढत गेला तसं भावाभावांतलं बोलणं उतरत गेलं. थोरला म्हणतो, घराचा स्लॅब माझ्या पगारातून पडला. धाकटा म्हणतो, तू पगार मिळवत होतास तेव्हा शेत आणि आई कोण सांभाळत होतं? दोघंही खरं बोलतात. म्हणूनच भांडण मिटत नाही.

पण पोरांचा अबोला नाही. रात्री नऊ वाजले की दादूस तिकडून आणि ही दोघं इकडून, तिघं मिळून एका बाजूनं खेळतात. इकडे संगणक एकच, तोही जुना विकत घेतलेला. त्याच्या पडद्याचे दोन भाग होतात; एका भागात भाऊ, दुसऱ्यात बहीण. दादूसचा आवाज तारेतून येतो. समोरच्या बाजूचे तिघं कुठले असतील ते देव जाणे.

एका रात्री ओरडा फार झाला. "माझा! माझा!" "अरे, मी येतोय ना!" "मागे कोण आहे? मागे कोण?" मी ओटीवर आडवा झालो होतो. "मागे कोण" हे शब्द कानावर आले आणि उठूनच बसलो. माझ्या लहानपणी शाळेच्या मैदानावर मास्तर हेच ओरडायचे. चष्मा लावला, स्टूल घेतलं आणि पोरांच्या पाठीशी जाऊन बसलो.

खेळ आहे तरी काय?

खेळाचं नाव रॉकेट लीग. अमेरिकेतल्या सायॉनिक्स नावाच्या कंपनीनं तो २०१५ च्या जुलैत आणला. २०२० च्या सप्टेंबरपासून तो फुकट खेळता येतो. फुटबॉलच आहे, पण माणसांच्या जागी मोटारी. इकडे तीन, तिकडे तीन. चेंडू मोटारीहून मोठा. मैदानाला चारी बाजूंनी भिंती आणि वर छत, त्यामुळे चेंडू बाहेर जातच नाही. आपटून परत येतो. मोटारी भिंतीवर चढतात, उड्या मारतात, मागून जाळ सोडत हवेत उडतात. पंच नाही, शिट्टी नाही. आणि मुख्य म्हणजे गोल राखायला नेमलेला गडी नाही. तिघांतला जो त्या वेळी मागे असेल तो राखणदार.

डाव पाच मिनिटांचा. बरोबरी झाली तर पुढे चालू, आणि पहिला गोल करील तो जिंकला. एक गंमत अशी की घड्याळ शून्यावर आलं तरी चेंडू हवेत असला तर खेळ थांबत नाही. तो जमिनीला टेकला की डाव संपला. त्या दोन-चार सेकंदांत घरात श्वास कुणी घेत नाही.

जाळ सोडत पळायचं तर इंधन लागतं. टाकी १०० ची. डाव सुरू होताना तीत फक्त ३३ असतं. मैदानात ६ ठिकाणी मोठे गोळे आहेत. त्यावरून गाडी गेली की टाकी भरली, पण तो गोळा परत यायला १० सेकंद लागतात. आणि २८ ठिकाणी लहान ठिपके आहेत. एकावर १२ मिळतं, आणि ते ४ सेकंदांत परत येतात. हा हिशेब ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तिघं एकाच बांधावर

माझ्यादेखत आमची तिघं सलग चार डाव हरली. दादूस चेंडूवर तुटून पडायचा. धाकटा नातूही त्याच चेंडूवर. दोघांच्या गाड्या एकमेकींवर आदळायच्या आणि चेंडू मधून सटकून जायचा. नात बिचारी मागे उभी राहायची. पण पुढे दोघं धडपडताहेत हे बघून तिलाही राहवायचं नाही, तीही धावायची. मग काय, तिघं एका कोपऱ्यात, चेंडू दुसऱ्या टोकाला, आणि आमचा गोल सताड उघडा.

"आबा, त्यांना उडता येतं, आम्हाला येत नाही. म्हणून हरतो," नातू म्हणाला.

मी म्हटलं, "बाळा, उडण्यातलं मला कळत नाही. पण मोठा पाऊस लागला आणि खाचराचा एक बांध फुटला, तर घरातली तिन्ही माणसं तोच बुजवायला धावतात का? तोवर दुसरा फुटेल त्याचं काय?"

नातीचे डोळे लकाकले. ती शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. म्हणाली, "आबा, आम्ही खो न देता नुसतं पळतोय!"

मंडळी, सगळी चावी त्या एका वाक्यात आहे.

खो दिला की बसायचं

खो-खो तुम्ही सगळ्यांनी खेळला असेल. पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ गडी ओळीनं बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजाऱ्याचं तिकडे. नववा पळतो. त्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, पळता पळता माघारी वळता येत नाही. कितीही चपळ असला तरी एकटा तो काय करील? पळणारा बसलेल्यांच्या मधून पलीकडे गेला की हा अडकला. म्हणून तो बसलेल्याच्या पाठीवर थाप मारतो, "खो" म्हणतो, आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. हात मारण्याची खुमखुमी असतानाही बसतो. चांगला संघ ओळखायचा तो गडी मारण्यावरून नाही, खो किती वेळेवर देतात त्यावरून.

या आपल्या मातीतल्या खेळाचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाला. पुरुषांत आणि महिलांत, दोन्हीकडे भारतानं नेपाळला हरवून तो जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. आमच्या नातीनं ते दोन्ही अंतिम सामने डोळ्यांत तेल घालून पाहिले होते. त्यामुळे गाड्यांच्या खेळात काय बिघडलंय ते तिला पोरांच्या आधी कळलं.

तीन जागा, एक रहाट

दुसऱ्या दिवशी तिनं वहीच्या पाठकोऱ्या पानावर मैदान काढलं आणि दादूसला फोटो पाठवला. त्यातली रीत मी माझ्या शब्दांत सांगतो. हा खेळ नीट खेळणारे जगभर हीच रीत पाळतात.

पहिला गडी चेंडूवर. त्याचं काम एकच, चेंडूला धड टोला द्यायचा किंवा समोरच्याला धड टोला मारू द्यायचा नाही. दुसरा त्याच्या मागे, पण चिकटून नाही, थोडा मैदानाच्या मध्याकडे. चेंडू आला तर गोलात घालायचा, सुटला तर अडवायचा. तिसरा सगळ्यात मागे. त्याच्या मागे कुणी नाही, म्हणून त्यानं खात्री असल्याशिवाय उडी घ्यायची नाही.

आता खरी मेख. टोला मारून झाला की पहिल्यानं चेंडूकडे बघत रेंगाळायचं नाही. बाजूला व्हायचं, मोठा वळसा घ्यायचा आणि सगळ्यांच्या मागे यायचं. तो सुटला की दुसरा होतो पहिला, तिसरा होतो दुसरा, आणि वळसा घेऊन आलेला होतो तिसरा. पूर्वी विहिरीवर रहाट असायचा. भरलेलं गाडगं वर आलं, पाणी ओतलं, की रिकामं होऊन ते खाली गेलंच पाहिजे. एक गाडगं वरच अडून बसलं तर सगळा रहाट ठप्प.

मागे यायचं तेही कसं? चेंडू ज्या बाजूला असेल तिच्या उलट बाजूच्या गोलखांबाकडून. तिकडून आलं की तोंड चेंडूकडे राहतं, समोर सगळं मैदान दिसतं. जवळच्या खांबाकडून घुसलं तर चेंडूकडे पाठ होते आणि आपल्याच राखणदाराला धडक बसते. आमचा धाकटा नातू महिनाभर हीच चूक करत होता.

डाव सुरू करतानाही नियम हवा. चेंडू मधोमध असतो. जो जवळ असेल तो जातो. आणि दोघं सारख्याच अंतरावर असतील तर? तिथे खेळाडूंनी आपसात रिवाज पाडलाय, डावीकडचा जाईल. हा काही कंपनीचा नियम नाही. पण ओळखदेख नसलेली माणसंही तो पाळतात, कारण न पाळला तर दोघं जातात नाहीतर दोघंही थांबतात. आपल्याकडे सावडीत आज कुणाचं खाचर आणि उद्या कुणाचं, हे कागदावर कुठं लिहिलेलं असतं?

मोठा गोळा आणि लहान ठिपके

आता तो इंधनाचा हिशेब. दादूसला सवय होती, चेंडू सोडून मोठ्या गोळ्याकडे धाव घ्यायची. कोपऱ्यातला गोळा गाठायला जायचा, टाकी भरायची, आणि तोवर इकडे गोल झालेला असायचा. शिवाय सगळे मोठे गोळे तोच खायचा; मागच्या दोघांच्या टाक्या कोरड्या.

जाणते खेळाडू मागे येताना वाटेतल्या लहान ठिपक्यांवरून गाडी नेतात. तीन ठिपके घेतले की ३६ झालं, वाट वाकडी न करता. मला यात आमच्या जुन्या बायकांचं शहाणपण दिसलं. रानातून घरी येताना त्या मोकळ्या हातानं कधी यायच्या नाहीत. चार काटक्या, पदरात भाजी. मोळीसाठी वेगळी खेप पडायची नाही. मोठा गोळा शेजाऱ्यासाठी ठेवावा हे पोरांना पटायला वेळ लागला. पण एकदा टाकी भरलेला गडी मागून वेळेवर आला आणि गोल झाला, तेव्हा पटलं.

घाईनं अंगावर जाऊ नका

आणखी एक गोष्ट मला शिकवता आली, ती कबड्डीची. आमच्या रायगड जिल्ह्यात कबड्डी कुणाला शिकवावी लागत नाही. चढाई करणारा आत आला की नवखा कोपऱ्यातला पोरगा लगेच पायावर झेप घेतो. चढाईवाला त्याला हुलकावणी देतो आणि गुण घेऊन जातो. मुरलेला गडी काय करतो? चढाईवाला पुढे आला की तो मागे सरतो, तो वळला की हा त्याच्याबरोबर वळतो. मधलं अंतर राखतो. पाय एकदा रुतला की मग साखळी आवळते, आणि एकटा नाही, सगळे मिळून धरतात.

गाड्यांच्या खेळातही तेच. समोरचा चेंडू घेऊन येत असेल तर मागच्या गड्यानं त्याच्या अंगावर जायचं नाही. चेंडू आणि गोल यांच्या मध्ये राहून त्याच वेगानं मागे सरत राहायचं. त्यानं टोला जरा जोरात मारला, चेंडू त्याच्यापासून सुटला, की मग आपला घाव. तोवर आपले दोघं मागे पोचतात. मागे सरणं म्हणजे भिणं नाही, वेळ मिळवणं आहे.

ही रीत नवी आहे असंही नाही. १९७४ च्या फुटबॉल विश्वचषकात हॉलंडचा संघ असाच खेळला. मागचा गडी पुढे गेला की पुढचा आपणहून त्याची जागा भरायला मागे यायचा. योहान क्रॉयफ त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू, आणि तोच सगळ्यात जास्त जागा बदलायचा. अंतिम सामना ते पश्चिम जर्मनीकडून २-१ असा हरले. पण इतक्या वर्षांनंतरही फुटबॉलवाले त्या हरलेल्या संघाची रीत शिकवतात.

ताईंच्या धास्तीविषयी

आता ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो.

पहिलं पैशाचं. या खेळात पैसे लावायचे नसतात. गाडीला रंग, टोप्या, चाकं अशी सजावट विकत मिळते, तिथे पैसे जाऊ शकतात. पण सजावटीनं गाडी जोरात पळत नाही. मुलाला हे समजावून सांगा, आणि बँकेचं कार्ड किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी त्याच्या हाती देऊ नका. पैसे लावून खेळायचे जे ऑनलाइन खेळ आहेत ते वेगळे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून त्यांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या पैशांच्या व्यवहारांवर बंदी घातली. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स म्हणजे संगणकावरचे स्पर्धेचे खेळ वेगळे धरले आहेत. पोरगं कुठला खेळ खेळतं ते एकदा शेजारी बसून बघा. दुरून सगळे सारखेच दिसतात.

दुसरं, "थांब, डाव चालू आहे" याचं. ते खोटं नसतं. हा डाव मध्येच थांबवता येत नाही. तो उठला तर त्याच्या बाजूचे दोघं उरतात, आणि स्पर्धेचा डाव सोडून गेलेल्याला पुढे काही वेळ खेळूही देत नाहीत. म्हणून वायर उपटू नका. डाव पाच मिनिटांचा. गोल झाल्यावर थांबायचा वेळ धरून सात-आठ मिनिटं होतात. पानं वाढायच्या दहा मिनिटं आधी सांगा, "आता चालू आहे तो शेवटचा." आणि मग नवा डाव सुरू होऊ देऊ नका. आमच्या घरी रात्री दहाला संगणक बंद, परीक्षेच्या महिन्यात शनिवार-रविवारच. पहिल्या आठवड्यात रुसवे झाले. नंतर बसलं.

तिसरं, ओरड्याचं. ओरडू द्या, पण काय ओरडतो ते ऐका. या खेळात तयार वाक्यं असतात, बटण दाबलं की सगळ्यांना दिसतात. त्यातलं एक इंग्रजी वाक्य आहे, "व्हॉट अ सेव्ह!" म्हणजे काय सुरेख अडवलंस. बनवणाऱ्यांनी ते शाबासकीसाठी घातलं. पण खोडसाळ पोरं समोरच्याकडून गोल सुटला की तेच दाबून त्याला खिजवतात. आमच्या नातवानं एकदा बहिणीला तसं म्हटलं. मी त्याला विचारलं, "ती चुकली तेव्हा तू कुठं होतास?" तो चेंडूमागे होता. त्यानं मागे यायला हवं होतं, आलाच नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात ते वाक्य बंद.

फळ्यावर न लागणारे गुण

महिना-दीड महिन्यानं आमची पोरं दहातले पाच-सहा डाव जिंकू लागली. उडता अजूनही धड येत नाही.

एका रात्री चांगला डाव झाला. २-१ असे जिंकले. डाव संपला की पडद्यावर फळा लागतो, कुणाचे किती गुण. गोल करणाऱ्याला १००, गोल करून देणाऱ्याला ५०, गोल वाचवणाऱ्याला ५०. दादूसचं नाव सगळ्यात वर, चांदणीसह. नातीचं सगळ्यात खाली. तिनं त्या पाच मिनिटांत काय केलं ते मी बघितलं होतं. दोघं पुढे गेले की ती मागे, ते मागे आले की ती पुढे, आणि बहुतेक वेळा ती नुसती योग्य जागी उभी होती. ती तिथे आहे हे बघून समोरच्यांनी टोलाच मारला नाही. न मारलेला टोला अडवल्याबद्दल फळ्यावर गुण नाहीत.

पोर गप्प झाली. तेवढ्यात तिकडून दादूसचा आवाज आला, "बाय, तू मागे होतीस म्हणून मी पुढे जाऊ शकलो. फळ्याकडे नको बघूस."

धाकटा मुलगा तेव्हा दारात उभा होता. कधी येऊन उभा राहिला कुणाला कळलं नव्हतं. तो काही बोलला नाही. बैलांना वैरण टाकायला म्हणून गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. वैरण तर संध्याकाळीच टाकून झाली होती.

मी ओटीवर येऊन पडलो. मनात आलं, आमच्या घराचा फळाही असाच आहे. स्लॅब दिसतो, त्याला गुण आहेत. हिच्या गुडघ्याचं दुखणं काढताना धाकट्या सुनेनं सहा महिने रात्री जागवल्या, त्याचे गुण कुठल्या रकान्यात लिहायचे? आणि उलटंही खरं. थोरला रातपाळ्या करत होता म्हणून धाकट्याला भात बुडालं त्या वर्षी कर्ज काढावं लागलं नाही. तेही फळ्यावर नाही. वाटणीला बसलो तेव्हा दोघांनी फक्त फळ्यावरचं वाचलं. आणि मी बाप असून तिसरा गडी व्हायचं सोडून दोघांच्या मध्ये चेंडूमागे धावत राहिलो. मागे कुणीच नव्हतं.

मुठी टाकणारा

गेल्या जुलैतली गोष्ट. आवणी चालू होती. पाऊस लागून होता, राबात आवण तयार होतं आणि माणसं मिळेनात. सावड आता पूर्वीसारखी राहिली नाही; निम्मी घरं कामाला पनवेलला जातात. धाकटा चिखलणी करत होता, सूनबाई आणि दोन बायका लावायला, मी राबात आवण खणायला. खणलेल्या मुठी खाचरात नेऊन टाकायला कुणी नव्हतं. बायका चार ओळी लावायच्या आणि हात रिकामे करून उभ्या राहायच्या.

रविवारी सकाळी बांधावर मोटरसायकल थांबली. दादूस उतरला. मागून थोरला. पोरानं घरी काय सांगितलं होतं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. दादूस सरळ चिखलात शिरला, चुलत भावाशेजारी लावायला लागला. थोरला थोडा वेळ छत्री धरून बांधावर उभा होता. मग त्यानं छत्री मिटली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, राबात आला, माझ्याकडे न बघता मुठींचा भारा उचलला आणि खाचरात नेऊन टाकला. परत आला. दुसरा नेला.

दुपारपर्यंत तो तेच करत होता. धाकट्याच्या पुढ्यातून गेला, मागून गेला. एक शब्द नाही. पण लावणाऱ्यांचे हात त्या दिवशी एकदाही रिकामे राहिले नाहीत. मुठी टाकणाऱ्याला कुणी लावणारा म्हणत नाही. खाचर हिरवं दिसतं ते लावणाऱ्याच्या नावानं.

जेवायच्या वेळी धाकटा बांधावर हात धूत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, पान वाढलंय."

थोरला म्हणाला, "ही एवढी खेप टाकतो आणि येतो."

मंडळी, वाटणीचा कागद अजून तसाच पडला आहे. सही झालेली नाही. एका जेवणानं दोन वर्षांचं सगळं धुऊन जात नाही, हे माझ्या वयाला कळतं. पण कागदावर काय लिहायचं याची बोलणी आता ते दोघं समोरासमोर बसून करतात. आणि मी मध्ये पडत नाही. ओटीवर, मागे असतो.

ताई, तुमचा मुलगा आज खेळायला बसला की त्याच्या मागे स्टूल टाकून एक डाव बघा. कोण जिंकलं ते विचारू नका. एवढंच विचारा, "तू पुढे गेलास तेव्हा मागे कोण होतं?" त्याला उत्तर देता आलं, तर पोरगं वाया जात नाहीये असं समजा.